अहो, ही रॅम बसत नाही

आमच्या घरात 'तुम्ही' हा शब्द बाहेरच्या माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. बँकेतला साहेब आला, तलाठी आला, नवे व्याही आले, की 'तुम्ही'. बाकी सगळ्यांना 'तू'. आई बाबांना तू म्हणते, मी आईला तू म्हणतो आणि बाबांनाही तूच म्हणतो. कल्याणजवळच्या कोन गावात, आमच्या आळीत, हे असंच चालत आलंय. त्यात कोणाचा अपमान नसतो. उलट घरातल्या कुणाला चुकून तुम्ही म्हटलं, तर तो विचारतो, "काय रं, रागावलास का?"

अशा घरात माझी बायको आली ती अंबाडीकडच्या एका मास्तरांच्या घरातून. त्यांच्याकडे मुलं वडिलांना अहो-जाहो करतात आणि आई वडिलांशी बोलताना पदर सावरते. लग्न झाल्या दिवसापासून तिने मला 'अहो' लावलं. "अहो, चहा घेता ना?" "अहो, तुमची ड्युटी कधी सुटते?" आईला तुम्ही, बाबांना तुम्ही. दारात येणाऱ्या मांजरीला मात्र ती तू म्हणायची, लाडाने रागवायचीसुद्धा. मला त्या मांजरीचा हेवा वाटायचा, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

लोक म्हणतील, बायको मान देते आणि याचं पोट दुखतं. दुखायचंच. मान देणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, थट्टा करता येत नाही. ती स्वयंपाक उत्तम करायची, सगळ्यांचं हवं-नको बघायची आणि कशालाही नाही म्हणायची नाही. पाहुणा जसा दुसऱ्याच्या घरी नीट वागतो, तशी ती वागायची. मला खरी भीती ही होती, की ही अशीच आयुष्यभर आमच्याकडे पाहुणी म्हणून राहील, आणि आपल्याला ते सवयीने कळेनासंही होईल.

कॉम्प्युटरचं वेड माझं जुनं. शाळेत असताना भिवंडीतल्या एका सायबर कॅफेत मी इतका पडून असायचो, की आई त्या मालकाला "तुमचा पोरगा" असं माझ्याबद्दल सांगायची. पुढे काल्हेरच्या ऑनलाइन मालाच्या गोदामात सुपरवायझर म्हणून लागलो. रोज हजारो लोकांच्या हौसेचे खोके माझ्या डोळ्यांसमोरून जायचे. आपलाही एक गेमिंग कॉम्प्युटर असावा, आणि तो दुकानातून तयार न आणता एकेक भाग निवडून आपण स्वतः जोडावा, असं तेव्हापासून मनात होतं. लग्नानंतर ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

संध्याकाळी ड्युटीवरून आलो की मी ओटीवर बसून मोबाईलवर जोडणीचे व्हिडिओ बघायचो. एकदा व्हिडिओत जोडलेल्या कॉम्प्युटरवर खेळ चालू होता, तेव्हा मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बायको होती, हातात लसणीची वाटी.

"हा खेळ मी खेळलेय," ती म्हणाली. "मोबाईलवर. भावाबरोबर."

"मग? भाऊ जिंकायचा?"

"नाही," एवढंच म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी शेजारी जागा ठेवली. ती बसली, थोडं अंतर ठेवून. असे आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर शिकायला लागलो. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक बोर्डावर बसत नाही, त्याचं सॉकेट वेगळं असतं. रॅमच्या पिढ्या असतात, एका पिढीची दुसऱ्या पिढीच्या खाचेत जात नाही. ग्राफिक्स कार्ड लांब असेल तर कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, मावत नाही. पॉवर सप्लाय अशक्त असेल तर ऐन लढाईत सगळं बंद पडतं. व्हिडिओतला माणूस दर दोन वाक्यांनी 'कंपॅटिबल' म्हणायचा. आई शेजारी सुकट निवडत बसलेली असायची. तिने विचारलं, "त्यो सारका काय म्हनतंय?"

"एकमेकांशी जमणारं पाहिजे, असं म्हणतो."

"म्हंजे सोयरीक," आई म्हणाली. "आन ती मोठी हिरवी पाटी कसली?"

"मदरबोर्ड."

"मदर म्हंजे आय ना? मंग तिलाच धरून ऱ्हावा लागनार सगल्यांना." आणि ती पुन्हा सुकटीकडे वळली. बायको तोंडावर पदर धरून हसली. ती हसायची ती अशीच, कुणाला त्रास नको अशा बेताने.

कॅबिनेट तिनेच निवडलं म्हणायला हरकत नाही. मला पुढून सगळं उघडं, वारा खेळता राहील असं हवं होतं. तिने विचारलं, "अहो, पण शेजारी कापडाचे लूम चालतात ना? तुळशीवरसुद्धा कापसाचं तूस बसतं. ते आत जाणार नाही ना हो?" मग आम्ही काढून धुता येईल अशी जाळी असलेलं घेतलं. ग्राफिक्स कार्डाच्या वेळी तिने ब्लाउज शिवायची टेप आणली, पडद्यावरचे आकडे बघून हवेतच मोजलं आणि विचारलं, "ह्यात मावेल ना हो?" मावत नव्हतं. मी दुसरं कार्ड बघितलं. तिची प्रत्येक सूचना प्रश्न होऊन यायची आणि शेवटी 'ना हो' असायचं. ते प्रश्न नाहीत हे मला कळायला हवं होतं. पण पुरुष माणसाला बायकोने प्रश्न विचारला की तो उत्तर द्यायलाच बसतो.

मदरबोर्ड आणि रॅम मी एका सेलमध्ये मागवली, घाईत, गोदामाच्या कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या. घरी येऊन तिला स्क्रीन दाखवली. तिने बघितलं, जरा थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं. मी इतका खुशीत होतो की काय सांगू. ती म्हणाली, "तुम्ही घेतलंय म्हणजे चांगलंच असेल."

खोके आले. त्यातला एक आमच्याच काल्हेरच्या पट्ट्यातून निघून कुठल्या कुठे जाऊन कोनला पोहोचला होता; मी चालत जाऊन आणला असता तरी लवकर आला असता. माझी सुट्टी होती. ओटीवर सतरंजी अंथरली. आईने प्रत्येक खोक्याला हळदकुंकू लावलं. आतल्या वस्तूंना लावू नको म्हणून मी हात जोडले, तेव्हा खोक्यावर भागलं. प्रोसेसरला हात लावायची हिंमत होत नव्हती, म्हणून म्हटलं, आधी सोपी रॅम बसवून बघू.

रॅम बसेना. मी सरळ धरली, उलटी धरली. एका बाजूने दाबली की दुसरी वर यायची. मी घामाघूम झालो. माझा स्वभाव असा, की वस्तू ऐकेना झाली की मी तिच्यावर ओरडतो. मी त्या रॅमला आमच्या आळीतल्या भाषेत चार शब्द ऐकवले आणि अंगठ्यांनी जोर लावायला लागलो.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ही रॅम बसत नाही."

"दिसतंय मला."

"नाही, म्हणजे... ह्या बोर्डाला बसतच नाही. बोर्ड जुन्या पिढीचा आहे. रॅम नवी आहे."

मी खोका उचलून वाचला. बोर्ड डीडीआर फोरचा, रॅम डीडीआर फाइव्ह. रोज संध्याकाळी दोघं जण तेच शिकत होतो, आणि मी नेमकं तेच विसरलो होतो.

"तुला आत्ता कळलं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही दाखवलंत तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने मान खाली घातली. "तुम्हाला कसं सांगणार?"

आईने सुपातून डोकं वर काढलं. "तुला न्हाय सांगनार तं काय त्या खोक्याला सांगनार?" ती सुनेला म्हणाली. "बाय, ह्याच्या बापाला मी दिसातनं धा येलां सांगतंय का तू चुकतंस. अजून जित्ता हाय ना त्यो?" बाबा अंगणात होते. त्यांनी आतल्या दिशेने खोकून आपण जिवंत असल्याचं कळवलं.

बायको हसली नाही. तिचे डोळे भरले होते. मला रॅमचं काहीच वाटेना. ती परत करता येत होती, दुसरी मिळाली असती. मला वाटलं, आज रॅम आहे. उद्या मी नोकरी सोडायची ठरवली, जागा घ्यायची ठरवली, आणि हिला दिसत असलं की हा खड्ड्यात चाललाय, तरी ही म्हणणार, तुम्ही ठरवलंय म्हणजे चांगलंच असेल.

बरोबर पिढीची रॅम आणायला आम्ही बाइकवरून कल्याणला निघालो. खाडीच्या पुलावर नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग लागलेली. गाडी बंद करून उभे राहिलो. ती मागे, मी पुढे. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुतेक ती बोलली.

"पहिल्या दिवशी मला वाटलं, तुमच्याकडे सगळे भांडतायत. आई बाबांना म्हणाल्या, 'तू जेवतंस का न्हाय?' मी घाबरले. म्हटलं, आता भांडी फेकणार."

"आणि?"

"बाबांनी म्हटलं, 'वाढ.' आणि त्या वाढायला लागल्या." तिने पदर सावरला. "आमच्याकडे आई बाबांना कधी चूक दाखवत नाही. भिंतीकडे बघून बोलते. म्हणते, काही लोकांना छत्री न्यायची आठवण राहत नाही. बाबा ऐकतात आणि छत्री घेतात. मला वाटायचं, संसार असाच करायचा असतो."

"आमच्याकडे भिंतींना तेवढा वेळ नाही," मी म्हणालो. "तू मला तू म्हण."

मग तिने प्रयत्न केला. "तू..." आणि स्वतःलाच हसू फुटलं. "नाही हो जमत. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून म्हटलं, तर ते कसलं तू? तेही तुमचं ऐकणंच झालं."

पोरीचं बरोबर होतं. ट्रक हलले, मी गाडी चालू केली. कल्याणच्या दुकानात तिने रॅमचा खोका हातात घेऊन स्वतः वाचला, मग माझ्याकडे दिला. "हीच ना हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, "तूच सांग." ती म्हणाली, "हीच आहे." शेवटी 'ना हो' नव्हतं. मला तेवढ्यानेही बरं वाटलं, पण घरी पोहोचेपर्यंत ती परत 'अहो, हेल्मेट द्या' वर आली होती.

पुढच्या सुट्टीला पुन्हा सतरंजी अंथरली. सकाळची वेळ, शेजारी लूम चालू, आई चुलीशी भाकऱ्या थापत, बाबा अंगणात जाळं पसरून बसलेले. रॅम एका दाबात बसली, टक् करून. बायकोने खाचेवरून बोट फिरवून बघितलं. आता प्रोसेसर. बोर्डावर त्याच्या जागी केसाहून बारीक पिना उभ्या असतात. त्यातली एक वाकली तर अख्खा बोर्ड गेला. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या खुणेशी जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही.

मी प्रोसेसर कडांना धरून उचलला. खूण बघितली, त्रिकोण बघितला, सगळं बरोबर आहे असं स्वतःला सांगितलं आणि हात खाली नेला.

"ए थांब! उलटा धरलायस तू! डोळे आहेत का तुला?"

माझा हात बोर्डाच्या वरच थांबला. त्रिकोण पलीकडच्या कोपऱ्यात होता. पण मी त्रिकोणाकडे बघत नव्हतो. तिने माझं मनगट घट्ट पकडलं होतं, आणि आपण काय बोललो ते कळून ती लालबुंद झाली होती. दुसरा हात तोंडावर गेला होता. एवढा मोठा आवाज तिने आमच्या घरात कधी काढलेला नव्हता. आतल्या भाकरीची थपथप थांबली.

अंगणातून बाबांनी विचारलं, "कोन आलंय गो?"

"कोन न्हाय आलंय," आई आतून म्हणाली. "आपलीच हाय."

आणि भाकरीची थपथप पुन्हा सुरू झाली. बायकोने तोंडावरचा हात काढला. एकदा आतल्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोच हात माझ्यासमोर पसरला.

"दे इकडे," ती म्हणाली.