पिल्लू विझलंय

कवळीवाल्या काकांनी उभ्या आयुष्यात हजारभर लोकांच्या तोंडांत दात बसवले, पण त्यांच्या स्वतःच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लावावी लागायची. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग आणि समोर कुणाच्या तरी हिरड्यांचा प्लास्टरचा साचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि काका मेणात एकेक दात लावत कवळी तयार करायचे. पुढच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन. मधलं दार उघडंच असायचं, पण काकूंनी पुढून काही विचारलं की मागून "हं" यायचं. होकाराला हं, नकाराला हं, आणि ऐकलंच नसलं तरी हं. शेजारणींना काकू हसून सांगायच्या, "आमच्याकडे दोघांचं बोलणं मी एकटीच करते."

या माणसाला टेबलावरून उठवणारी घरात एकच वस्तू होती, न्हाणीघरातला जुना गॅस गीझर. त्याच्या पोटात एक बारीक निळी ज्योत कायम पेटती ठेवावी लागे. नळ सोडला की तिच्यावरून मोठा जाळ पेट घ्यायचा. त्या ज्योतीला काकू पिल्लू म्हणायच्या. आठ-पंधरा दिवसांनी हाक यायचीच, "अहो, वाऱ्यानं पिल्लू विझलंय. काडी धरायला या."

ठिणगीचं बटण नऊ वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. त्याचा सुटा भाग आता मिळत नाही, असं काकूंनीच चौकशी करून सांगितलं होतं. त्यामुळे काडी आली, आणि काडी आली म्हणून दोन माणसं आली. आधी सगळं बंद करून पाच मिनिटं थांबायचं, साचलेला गॅस निघून जाऊ द्यायचा. काकू तेवढा वेळ स्टुलावर बसून बोलायच्या. काका काडेपेटी घेऊन दारात उभे, नजर घड्याळावर. मग काकूंनी दोन्ही अंगठ्यांनी तो कडक खटका दाबून धरायचा आणि काकांनी काडी लावायची. पिल्लानं जीव धरला तरी मिनिटभर खटका सोडायचा नाही. एकूण सहा मिनिटं झाली की काका परत टेबलाशी. "नवाच आणू एखादा," काका कधी वैतागून म्हणत. "चालतंय की," काकू म्हणत.

काकूंना जाऊन सात महिने झाले होते. काका स्वतःचं स्वतः करत होते, बरं करत होते. लेक तीन तासांवरच्या गावात राहायची. तिनं फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, एकट्यानं जमत नसेल तर घर बंद करून माझ्याकडे या. मी रविवारी येते आणि काय ते बघते." काकांना हे घर सोडायचं नव्हतं. टेबल सोडायचं नव्हतं, आणि पुढच्या खोलीतलं झाकून ठेवलेलं मशीन तर मुळीच सोडायचं नव्हतं. म्हणून रविवारी सगळं जागच्या जागी दिसणं भाग होतं.

आणि नेमकी मंगळवारी रस्त्यातली गॅसची पाइपलाइन दुरुस्तीला निघाली. दुपारभर गॅस बंद राहिला, संध्याकाळी आला. गल्लीतल्या सगळ्यांचे गीझर विझले होते, ते सगळ्यांनी पेटवले. काकांचा पेटेना. खटक्याला दोन अंगठे लागायचे आणि काडी धरायला तिसरा हात नव्हता. शेजाऱ्याला हाक मारायची तर बोलावं लागलं असतं. चार दिवस काकांनी थंडीत गार पाण्यानं आंघोळ केली आणि शनिवारी, नाइलाजानं, मेकॅनिकला फोन केला.

मेकॅनिक पन्नाशीचा, बोलका माणूस. त्यानं खालचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि हसायला लागला.

"काका, बटण ठणठणीत आहे हो. वायर उपसून ठेवलीय कुणीतरी. नुसती उपसली नाहीये, टोपडं शिवलंय तिला."

वायरच्या टोकावर निळ्या कापडाची बोटभर टोपी होती. कडेनं बारीक काजटाका घातलेला, एकसारखा, एकही टाका इकडचा तिकडे नाही. तो हात कुणाचा ते काकांना सांगावं लागलं नाही.

"वाऱ्यानं विझायचा तो," काका म्हणाले.

"वाऱ्यानं? मग ही काच कशाला बसवलीय? वादळ आलं तरी हा विझायचा नाही. गॅस गेला तर विझेल, नाहीतर कुणी हातानं बंद केला तर." त्यानं वायर खोचली, सगळं बंद ठेवून पाच मिनिटं थांबला, खटक्यात तेलाचे दोन थेंब सोडले आणि बटण दाबलं. ठिणगी उडाली, पिल्लू पेटलं. "घ्या. आता एका अंगठ्याचं काम. दुसऱ्या माणसाची गरजच नाही."

काका म्हणाले, "हं."

तो गेल्यावर काका न्हाणीघरातल्या स्टुलावर बसले. मंगळवारी गॅस जाईपर्यंत गेल्या सात महिन्यांत पिल्लू एकदाही विझलं नव्हतं. मधे एकदा तर समोरच्या छपराचे पत्रे उडाले होते, तरी विझलं नव्हतं. आणि हे आपल्या लक्षातही आलं नाही. काकांना लाज वाटली. दुःख सात महिने होतंच, त्याची सवय होत आली होती. ही लाज नवी होती.

नऊ वर्षं, महिन्यातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. तिनं काय काय सांगितलं असेल, ते काका आठवायला लागले. एका गिऱ्हाइकाला उजवी बाही डावीपेक्षा बोटभर लांब लागायची, ते आठवलं. पाणी बघायला जाऊ या एकदा, असं काहीतरी म्हणाली होती. समुद्र म्हणाली की तळं, ते मात्र कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना.

रविवारी लेक आली. तिनं डबे उघडून पाहिले, फ्रिज पाहिला, औषधांच्या गोळ्या मोजल्या. सगळं लख्ख होतं.

"बाबा, तुम्ही तर मला लाजवलंत. बरं, गरम पाणी येतंय ना?"

हो म्हटलं की काम झालं असतं. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली असती आणि घराचा विषय मिटला असता. पण काकांनी सकाळीच पिल्लू विझवून झाकण काढलं होतं, वायर उपसली होती आणि तिला तेच टोपडं परत घातलं होतं.

"पिल्लू विझलंय," काका म्हणाले. "काडी धरायला ये."

"म्हणजे एकट्यानं नाही जमत?"

"नाही जमत."

लेकीनं सुस्कारा सोडला. काय बोलायचं ते तिनं ठरवलेलं दिसत होतं, पण आधी ती काडेपेटी घेऊन न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. "पेटवू?"

"पाच मिनिटं थांबायचं. गॅस निघून जाऊ दे."

काका स्टुलावर बसले. बोलायला कुठून सुरुवात करतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग एका गिऱ्हाइकाच्या बाहीपासून त्यांनी सुरुवात केली. ती उजवी बाही, ते बोटभर जास्तीचं कापड, तुझी आई त्या बाईला काय म्हणायची... सांगताना आवाज घोगरा येत होता, तरी काका सांगत होते.

लेकीनं दाराला टेकून मोबाईल काढला होता. मान वर न करता ती म्हणाली, "हं."

काका क्षणभर थांबले. मग घड्याळाकडे न बघता पुढे बोलू लागले.