गुळवेलीचं पांढरं सत्त्व

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता त्या काळात आम्ही देऊळघाटला राहत होतो. एका पावसाळ्यात माझ्या बायकोचा ताप काही केल्या हटेना. आत्याने निंबावर चढलेली गुळवेल आणली, ठेचून पाण्यात कुस्करली आणि सत्त्व काढायला बसली. तळाशी साका बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि नवं घालायचं, साका पांढराशुभ्र होईपर्यंत.

ओतायचं पाणी मी चाखलं, ते कडूजहर होतं. सत्त्वाला चवच नव्हती. आयोडीनने खळ निळी होते हे शाळेत शिकलो होतो. टिंक्चरचा थेंब टाकला तर सत्त्वही तसंच निळं झालं.

"आत्या, ही नुसती खळ आहे. औषध तं तू मोरीत ओतून राह्यली."

"कडू गेलं म्हनून तं शुद्ध झालं. बायको तुही हाय, दवाई मही हाय."

शेवटी मी वेलीचे ताजे तुकडे उकळून काढा केला आणि बायकोला पाजू लागलो. आत्याही मधातून सत्त्व चाटवत राहिली.

"तुम्ही दोघं एक काय ते ठरवा नं," बायको म्हणाली. तेवढं आम्हाला जमलं नाही.

ताप उतरला. आत्याने गल्लीभर सत्त्वाचे गोडवे गायले. काढ्यानेच गुण आला असं मला वाटतं, पण दोन्ही एकदम दिल्यामुळे तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. आत्याला सांगता येतं. शेजारणी वाट्या घेऊन आल्या, आणि कडू पाणी पुन्हा मोरीत गेलं.