मामांनी टॉपर पिंजला

गादीमामांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं, तर ते स्वतःच क्षणभर विचारात पडायचे. अख्खा बाजार त्यांना गादीमामा म्हणायचा, आणि बायकोने जन्मात गादीला एक टाका घातला नसला तरी ती आपोआप गादीमामी झाली होती. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हीच्या मध्ये कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की मामी धावत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, नाहीतर दुधावर सायीऐवजी कापूस धरायचा.

मामांचं एक ठाम मत होतं, आणि ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसायची. "गादी कधी मरत नाही हो. नुसती रुसते. खोळ उसवा, कापूस पिंजा, पुन्हा भरा, की झाली नवी नवरी!" या मतावर त्यांनी घर चालवलं, लेकीला शिकवलं, मोठ्या शहरात नोकरीला पाठवलं. मग समोरच फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं. त्याच्या मालकाला मामा स्पंजवाला म्हणायचे आणि त्याच्या मालाला पाव. "ज्यात टाका नाही, दोरा नाही, ती कसली गादी?" असं ते त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे. तो हसून हात हलवायचा. त्याने तर मामा आणखीच भडकायचे.

इकडे मामीची पाठ काही बरी नव्हती. सकाळी उठली की भिंत धरून उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, या गादीत गाठी झाल्यात. रात्रभर टोचतात." मामा चहाचा घोट घेत म्हणायचे, "गाठी नाहीत गं, वय झालंय तुझं. सवय होईल." हे बोलणं इतक्या वर्षांचं होतं की दोघांनाही ते पाठ झालं होतं. पण लेकीने एकदा फोनवर आईचं कण्हणं ऐकलं, आणि आठवड्याच्या आत एक भलं मोठं पार्सल दारात येऊन पडलं.

पार्सलवाला ओरडला, "टॉपर आलाय!" शेजारची काकू हातातलं काम टाकून धावत आली. "कोण, तुमची लेक? अगंबाई, आता कसली परीक्षा दिली तिने?"

"परीक्षा नाही हो," मामी म्हणाली. "गादीवर घालायचा टॉपर."

"बरोबरच आहे," काकू म्हणाली. "टॉपरला नाही तर कुणाला गादीवर बसवायचं?"

मामांना काही हसू आलं नाही. चार बोटं जाडीचा फोम, वर पांढरीशुभ्र खोळ, खोळीला चेन. आणि तो घातला कुठे, तर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या गादीच्या डोक्यावर! शिवाय लेकीने तो फक्त आईच्या बाजूपुरताच पाठवला होता. त्या रात्रीपासून एकाच पलंगावर मामी वरच्या मजल्यावर आणि मामा तळमजल्यावर. आणि मामी अशी झोपली, अशी घोरली, की मामांनाच झोप लागेना. सकाळी ती भिंत न धरता उठली आणि म्हणाली, "अहो, मला आज पाठ आहे की नाही तेच कळेना." मामांच्या काळजाला ते लागलं. उभं आयुष्य लोकांच्या पाठीखाली कापूस घातला त्यांनी, आणि घरच्या बाईने शाबासकी दिली ती पावाला.

पुढच्या महिन्यात मामीच्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मामी तिच्याकडे निघाली आणि दारातून बजावून गेली. "टॉपरवर चहा प्यायचा नाही. त्याला पाणी लावायचं नाही. ऊन दाखवायचं नाही. आणि असं रागाने बघायचंही नाही त्याच्याकडे."

"मी कशाला बघतोय?" मामा म्हणाले. ती रिक्षात बसेपर्यंत त्यांनी तोंडसुद्धा वळवलं नाही. मग दुकानाची फळी ओढली, चहाचा कप भरला आणि थेट टॉपरवर जाऊन पसरले. हेतू अगदी स्वच्छ होता. शत्रूतली खोट शोधायची आणि मामी आली की पुराव्यानिशी मांडायची. उजव्या कुशीवर झाले, डाव्या कुशीवर झाले. कप पोटावर ठेवून उताणे झाले. खोट काही सापडेना, बहुतेक फार आत असावी, म्हणून त्यांनी जरा डोळे मिटले. जागे झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, कप कुशीत होता, आणि चहा सगळा टॉपरच्या पोटात.

मामांच्या पायाखालची जमीनच सरकली. खोळ त्यांनी काढून धुतली, ती निघाली स्वच्छ. पण फोमवर तांबूस डाग तसाच, आणि वास तर असा की एखाद्या टपरीला लाजवेल. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला.

"समज, एका गिऱ्हाइकाच्या टॉपरवर चहा सांडला. तर काय करायचं?"

"बाबा, तुम्ही सांडलात ना?"

"गिऱ्हाईक म्हणतोय ना मी!"

लेक शहाणी. तिने पुढे विचारलं नाही. "फडक्याने टिपून घ्यायचा, घासायचा नाही. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून वरच्यावर पुसायचं. खायचा सोडा भुरभुरायचा, तो वास ओढून घेतो. नंतर सोडा झटकून टॉपर सावलीत पंख्यासमोर उभा करायचा. भिजवायचा नाही, पिळायचा नाही, आणि काठीने झोडपायचा तर अजिबात नाही."

"मग साफ कधी करायचा?"

"हेच साफ करणं, बाबा."

"ही तर आजाऱ्याची विचारपूस झाली," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

तरी त्यांनी ऐकलं, हे खोटं नाही. टिपलं, पुसलं, सोडा भुरभुरला आणि समोर खुर्ची टाकून बसले. पण ज्या माणसाने जन्मभर गादी झोडपली, उसवली, पिंजली, त्याने हात बांधून सोड्याकडे किती वेळ बघायचं? डाग फिकट झाला होता, पण गेला नव्हता. मामांचे हात शिवशिवायला लागले. "जरा पाणी दाखवू," असं म्हणून त्यांनी टॉपर मोरीत नेला आणि बादल्या ओतल्या. टॉपर पाणी प्यायला, आणखी प्यायला, आणि मग जागचा हलेना. मामांनी पाय रोवून तो ओढला, तर अर्धा टॉपर हातात आणि अर्धा मोरीत.

माणूस घाबरला की ओळखीच्या वाटेने पळतो. मामांनी दोन्ही तुकडे गच्चीवर टाकले, दिवसभर ऊन दाखवलं, काठीने चांगले झोडपले, आणि तरी ते जुळेनात म्हटल्यावर त्यांना आपलं ते मत आठवलं. गादी मरत नाही! रुसते! पिंजली की नवी! त्यांनी यंत्र सुरू केलं आणि टॉपर आत घातला.

अहो, काय विचारता! यंत्राने एकदा घशात अडकल्यासारखा आवाज काढला आणि मग भसाभस पिवळा चुरा बाहेर फेकला. चुरा जमिनीवर, चुरा फळीवर, चुरा मामांच्या मिशीत. समोरचा स्पंजवाला रस्ता ओलांडून आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, केक केलात की काय?" मामांनी फळी ओढून घेतली.

त्यात मामीचा फोन. "अहो, उद्या येते. इथे खाली जमिनीवर झोपून पाठ अगदी धरलीय बघा. कधी एकदा माझ्या टॉपरवर आडवी होते असं झालंय." आवाज रडवेला होता. मामा "हो, हो" म्हणाले आणि यंत्राशेजारी मटकन बसले. आता थट्टा संपली होती. बाई दुखरी पाठ घेऊन येणार, आणि तिच्या पाठीखाली द्यायला घरात त्या गाठींच्या गादीशिवाय काही नव्हतं. समोरच्याकडे असा टॉपर मिळेना. तो म्हणाला, मागवला तर येईल आठवड्याने. हो, मामा विचारायलाही जाऊन आले. मान खाली घालून गेले, तसेच परत आले.

मग त्यांनी मिशी झटकली, यंत्र साफ केलं आणि एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखलेलं सगळ्यात चांगल्या कापसाचं गाठोडं सोडलं. एकदा पिंजला. बोटांत धरून पाहिला, समाधान होईना, पुन्हा पिंजला. सायीसारखे पातळ थर एकावर एक घातले, प्रत्येक थरावरून तळवा फिरवला, कुठे खडा म्हणून लागू दिला नाही. टाके असे हलके घातले की दोराही दचकू नये. जेवणाची आठवण राहिली नाही. धुतलेली पांढरी खोळ चढवली, चेन ओढली आणि सगळं जागच्या जागी ठेवलं.

मामी आली ती कमरेवर हात ठेवूनच. दोन घास खाल्ले आणि आडवी झाली. मामा तळमजल्यावर श्वास रोखून पडले होते. तिने एकदा कूस बदलली, आणि मग ती घोरू लागली. मामांनी आनंदाने उशीत तोंड खुपसलं.

सकाळी ऊन दारात आलं तरी मामी उठली नव्हती. उठली ती हसतच. "आई गं! कशी झोप लागली! आधीपेक्षाही छान. बघा, याला म्हणतात वस्तू. नाहीतर तुमचा कापूस!"

मामांनी खरं तर गप्प बसायचं ठरवलं होतं. अगदी शपथ घेऊन ठरवलं होतं. पण हे शेवटचं वाक्य त्यांच्याने गिळवेना.

"कापूसच आहे तो!" ते ओरडले. "माझा कापूस! पाव गेला तुझा, त्याचा चुरा झाला. मी पिंजलाय हा, दोनदा पिंजलाय, मी भरलाय! आता बोल!"

मामीने चेन सरकवली, हात आत घातला, बोटांनी चाचपून पाहिलं. मामा छाती काढून उभे होते.  मग हात बाहेर काढून मांडीवर ठेवत ती हळूच म्हणाली, "म्हणजे येत होती तुम्हाला अशी गादी करता."

"येत होती म्हणजे? अख्ख्या बाजारात..." मामा म्हणाले आणि तिथेच अडखळले.

त्यांची नजर शेजारी, स्वतःच्या बाजूला उघड्या असलेल्या त्याच गाठींच्या गादीवर गेली. लग्नाच्या वर्षी भरलेली, लोकांच्या गाद्यांतून उरलेल्या कापसाची. घरचंच काम, करू सवडीने, म्हणून राहिलेली. गावच्या गाद्या दर हंगामाला उसवल्या त्यांनी. ही एकदाही उसवली नाही. छाती कधी खाली आली ते त्यांनाच कळलं नाही. "अगं..." ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मामीने ते पाहिलं. तिलाही रागवावंसं वाटलं असणार, तसा तिचा हक्कच होता. पण अंगाखाली इतकं मऊ होतं की राग धड उभा राहीना. तिने चेन लावली, पुन्हा आडवी झाली आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"चहा तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "मी झोपते अजून. बऱ्याच वर्षांची राहिलीय."