सीटमधली झोप

उस्तादांच्या बसमध्ये चढलेला माणूस झोपणारच, असा कारखान्यात लौकिक होता. कामगारांना आणायचं आणि पोचवायचं, यात त्यांची सगळी हयात गेली. जांभया देत चढलेले लोक दुसऱ्या वळणावर घोरायला लागायचे, आणि कारखान्याच्या फाटकाशी त्यांना हलवून उठवावं लागायचं. "उस्तादांचा ब्रेक म्हणजे लोणी," असं लोक म्हणायचे. उस्ताद वरवर "हं, पुरे झालं" म्हणत आणि आतून फुगत. फुगू दे बिचारा. माणसाला कशाचा तरी गर्व असावा, नाहीतर तेच ते रस्ते जन्मभर कशाच्या जोरावर तुडवायचे?

ते निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच गेलेली होती. घरात मुलगा, सून आणि काही महिन्यांचा नातू. नातवाला सगळे नबाब म्हणत, कारण तिन्ही माणसं त्याच्या तैनातीत. मुलगा बाटल्या भरायच्या कारखान्यात रात्रपाळीला. सून चष्म्याच्या दुकानात, दुपारी जायची आणि दिवेलागणीला यायची. त्यामुळे नबाबाच्याही पाळ्या लागल्या होत्या. सकाळी सून जरा आडवी व्हायची तेव्हा तो बापाकडे, दुपारी आजोबांकडे आणि उरलेला वेळ आईकडे.

आणि या नबाबाला झोपेचं वावडं. खांद्यावर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की घर डोक्यावर. तिघांच्याही नाकी नऊ आले. मग सामान यायला लागलं. विजेवर थरथरणारी खुर्ची आली. पावसासारखा आवाज काढणारी एक डबी आली. मध्ये खळगा असलेली मोठी गोल उशी आली, तिच्यात बाळ घरट्यातल्या पिल्लासारखं बसायचं. बाळ एवढंसं आणि त्याचं बिऱ्हाड खोलीभर. प्रत्येक खोक्यावर गालात हसत झोपलेलं एक गुबगुबीत बाळ छापलेलं होतं. आमच्या नबाबाला ते चित्र कुणी दाखवलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

खुर्ची मात्र चालली. सुरू केली की नबाब पेंगायचा. सून तिचं कौतुक करून थकत नव्हती, आणि एक दिवस अचानक तिनं खुर्ची बंद करून पलंगाखाली सारली.

"बाबा, दुपारी त्याला गाडीत झोपवत जा," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत तो छान झोपतो. आणि त्याच्या छोट्या सीटला पट्टे असतात. अपघातातही काही होत नाही म्हणे. तेच बरं."

उस्तादांना आणखी काय हवं होतं? सगळ्या कारखान्याला झोपवणाऱ्या माणसाला घरात कुणीतरी शेवटी विचारलं होतं. का, कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस खाली कशाला बघतो?

दुपारी जुनी गाडी निघायची. पाण्याच्या टाकीला वळसा, शाळेच्या मागची गल्ली, गोदामांचा सरळ रस्ता. टाकीपाशीच नबाबाची मान कलायची. परत आल्यावर त्याला उचललं तर तो जागा होणार, म्हणून उस्ताद अख्खी सीटच उचलून आणायचे आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर ठेवायचे. मग खांद्यावरचे पट्टे सैल करायचे. घरात कसला आलाय पट्टा? झोपलेल्या जिवाला कुणी आवळून ठेवतं का? त्यांनी ते मायेनं केलं. माया आंधळी असते म्हणतात. या घरातली तर मुकीही होती, पण ते पुढे कळेल.

त्या दुपारी उस्ताद खिडकीशी बूट पुसत बसले होते. नबाब सीटमध्ये, हाताच्या अंतरावर. त्याच्या नाकातून बारीक घुरघुर यायची, ती चालू होती. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी ज्यांचे कान टवकारायचे, त्या उस्तादांना बुटाची टाच घासताना एकदम वाटलं, काहीतरी थांबलंय. काय ते कळेना. पंखा चालू होता. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती. मग त्यांनी सीटकडे पाहिलं.

सैल पट्ट्यांतून पोर खाली घसरलं होतं. हनुवटी छातीत रुतलेली, जशी माणूस पाकीट दुमडतो तशी मान दुमडलेली. चेहरा राखेसारखा. ओठ निळसर.

बूट कुठे पडला, आपण गुडघ्यांवर कसे आलो, त्यांना आजही सांगता येत नाही. त्यांनी पोराला ओढून बाहेर काढलं, तर मान मागे लोंबली. "ए नबाबा, ए बाळा," एवढंच तोंडातून निघत होतं. त्याला हातावर पालथं घेतलं, पाठ चोळली, थोपटली, पुन्हा उताणं केलं, तोंडावर फुंकर मारली. काही नाही. या घरातला सगळ्यांत मोठा आवाज बंद पडला होता.

आणि मग नबाबानं एक आचका दिला, श्वास ओढला आणि टाहो फोडला. उस्ताद त्याला छातीशी धरून भिंतीला टेकले आणि स्वतःही रडले. आपण रडतोय हेही त्यांना उशिरा कळलं.

सून आली तेव्हा नबाब खांद्यावर जागा होता, गुलाबी, टकामका बघत.

"झोपला होता का?" तिनं चप्पल काढत विचारलं.

"हो तर," उस्ताद म्हणाले. "मस्त."

हे शब्द तोंडातून कसे गेले, देव जाणे. सांगायचंच होतं हो त्यांना. पण सांगायचं काय? तुझं पोर माझ्या नाकासमोर जात होतं आणि मी बूट पुसत होतो? ती पुन्हा पोर हातात देईल का? आणि का द्यावं तिनं? पोरगं तर हसतंय, दूध पितंय, मग उगाच कुणाच्या जिवाला घोर कशाला लावा, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला कारणांचा तोटा नसतो.

पुढचे दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाडीची बॅटरी उतरलीय अशी थाप मारली. दुपारभर पोराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायचे, हात बधिर झाला तरी खाली ठेवायचे नाहीत. नबाब डोळे मिटायला लागला की यांची तपासणी सुरू. नाकाखाली बोट धर, पोटावर हात ठेव, छाती हलतेय ना ते बघ. पोर जरा शांत झोपलं की मुद्दाम हलवून रडवायचे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवलं, तो आता एका लेकराला झोपू देत नव्हता.

आणि मग त्याहून मोठी भीती आली. श्वास थांबला होता तो किती वेळ? डोक्याला काही झालं असेल तर? नबाब खुळखुळ्याकडे बघायचा नाही, की उस्ताद तो पुन्हा पुन्हा वाजवून बघायचे. तो कुशीवर वळत नाही, शेजारचं त्याच्याएवढंच पोर मात्र लोळत पलंगाच्या कडेपर्यंत जातं. हे आधीपासूनचं, की त्या दुपारपासूनचं? विचारणार कुणाला?

लस टोचायचा दिवस आला. संध्याकाळची वेळ होती, मुलगा नुकताच कामावर गेला होता, म्हणून सुनेबरोबर उस्ताद गेले. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, पण हात फार मऊ. त्यांनी नबाबाचं डोकं मागून चाचपलं, आणि पुन्हा एकदा चाचपलं.

"मागून चपटं झालंय," त्या म्हणाल्या. मग दोन्ही हात धरून त्याला हळूच उठवलं. धड वर आलं, मान मागेच राहिली. पालथं ठेवलं तर त्यानं नाक चादरीत खुपसलं आणि किरकिर केली. "मान या वयात यापेक्षा चांगली धरायला हवी. दिवसभर कुठे असतो हा?"

"आमच्याकडेच असतो की," उस्ताद म्हणाले.

"तसं नाही हो. जमिनीवर किती वेळ असतो? खुर्ची, उशी, गाडीची सीट, यांत किती?"

"फारसा नाही," सून चटकन म्हणाली.

"कधीमधी," उस्ताद त्याच दमात म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. उस्तादांना वाटलं, बिचारी आपल्याला सांभाळून घेतेय.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "असं बघा. या वस्तू बाळाला जिथल्या तिथे धरून ठेवतात. मग ते हात टेकत नाही, मान उचलत नाही, वळायला धडपडत नाही. धडपडलं नाही तर जोर येणार कुठून? जागं असताना सतरंजीवर पालथं घाला, तुम्ही समोर बसा. रडलं तर रडू दे जरा. ते सुधारतं, मला त्याची एवढी काळजी नाही. काळजी झोपेची. झोपायला सपाट अंथरूण, उताणं, भोवती उशी नाही की काही नाही. गाडीची सीट गाडीत, पट्टा नीट बांधून, आणि उतरलात की बाळ बाहेर. बसल्या जागी झोपलं तर मान पुढे पडते आणि श्वासाची नळी दुमडते. आवाजसुद्धा होत नाही."

आवाजसुद्धा होत नाही. उस्तादांच्या कानात तेवढंच राहिलं. बाकीचं त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. लस टोचली, नबाब रडला, सुनेनं त्याला पोटाशी घेतलं, तिघं बाहेर आले. जिन्यापाशी पोचले आणि उस्ताद थांबले.

कारण आता कुणाला फसवायचं? बाईंनी मान बघितली, डोकं बघितलं. पण जे त्यांना माहीतच नाही, ते त्या कशा तपासणार? पोराच्या डोक्यात काही बिघडलं असेल, तर ते फक्त यांच्या गप्प बसण्यामुळे तसंच राहणार होतं. सुनेसमोर तोंड काळं होईल, होऊ दे. पोर नाही दिलं तर नाही.

"चल, परत आत जायचंय," ते म्हणाले.

"काय राहिलं, बाबा?"

"चल तू."

पुढचा रुग्ण आत जात होता, तरी उस्ताद घुसलेच. टेबलाची कड धरून त्यांनी सगळं सांगितलं. पट्टे सैल केले, बूट पुसत होतो, ओठ निळे होते. सुनेकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत बोलले. सून आता ओरडेल, आता पोराला घेऊन निघून जाईल, असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी नबाबाला परत टेबलावर घेतलं. डोळ्यांत उजेड टाकला, छाती ऐकली, पायाच्या बोटाला चिमटा लावून त्यावरचे आकडे बघितले. "किती वेळ झाला असेल?"

"नाही सांगता येत."

"असं किती वेळा झालं?"

"एकदाच. आईशप्पथ, एकदाच."

"दोनदा," सून म्हणाली.

उस्तादांनी मान वळवली. ती नबाबाकडे बघत होती.

"त्या खुर्चीत," ती म्हणाली. "मी कपडे वाळत घालत होते. परत आले तर तो असाच, मान खाली. मी उचलल्यावर रडला लगेच. म्हणजे जरा वेळानं. म्हणून तर मी खुर्ची ठेवून दिली. म्हणून म्हटलं, गाडीत झोपवा. मला वाटलं, पट्टे आहेत, तिथं नाही होणार."

उस्तादांना आधी भयंकर राग आला. हे माहीत असताना तिनं पोर सीटमध्ये घालायला सांगितलं? एक शब्द बोलली असती तर त्या दुपारी त्यांनी पट्ट्याला हात लावला असता का? मग त्यांना आठवलं की आपण "मस्त" म्हणालो होतो, आणि राग तिथल्या तिथे विरला.

"मला का नाही सांगितलंस, पोरी?"

"तुम्ही काय म्हणाल याची भीती वाटली."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसायला सांगितलं. आत्ता तरी पोर ठीक दिसतंय, पण दोनदा झालंय म्हणजे तपासण्या कराव्याच लागतील, आज रात्री त्याला इथेच नजरेखाली ठेवू, असं त्या म्हणाल्या. मग लिहिता लिहिता थांबल्या.

"घरात आणखी कोण झोपवतं त्याला?"

"त्याचे बाबा," सून म्हणाली. "सकाळी. रात्रपाळीवरून आले की त्या गोल उशीत घालून स्वतःही शेजारी पडतात."

"त्यांना विचारलंत?"

विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सुनेनं पिशवीतून फोन काढला, उस्तादांनी तो तिच्या हातून घेऊन नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे बाटल्यांची खणखण होती. मुलगा ओरडून म्हणाला, "काय हो बाबा, टोचली का सुई?"

"टोचली," उस्ताद म्हणाले. "तू एक खरं सांग. सकाळी तुझ्याजवळ झोपलेला असताना नबाबाचा श्वास कधी थांबला होता का?"

बाटल्यांची खणखण तेवढी येत राहिली. उस्तादांनी पुन्हा हाक मारली, सुनेनं मारली. मुलगा फोनवरच होता. "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यानं शेवटी विचारलं.