दुसऱ्या हाकेची वाट

कार्ल्यात हौशीरामला सगळे 'झोप्या' म्हणत. जिभेला हाड नसतं, गावाच्या तर मुळीच नसतं! खरं तर त्याच्याइतका जागा माणूस साऱ्या मावळात नव्हता. भातखाचरात वाकलेला असला तरी कुणी हाक मारायला तोंड उघडायचा अवकाश, की ह्याची ओ आलीच. लोक त्यालाही हसत.

त्याची आई लहानपणीच गेली. शेजारच्या कस्तुराबाईनं त्याला आपल्या गेणूच्या ताटात जेवू घातलं. दोघं पोरं लेण्यांच्या डोंगराच्या उतारावर गुरं राखायची. कस्तुराबाई रोज बजावायची, "रानात कुनी हाक मारली तर एका हाकेला ओ देऊ नगा रं. भुताला दुसरी हाक मारता येत न्हाई. मानूस आसंल तर पुन्यांदा बोलवंल." दोघांनी मनाशी खूणगाठ बांधली.

लढाई लागली तेव्हा दोघं मुंबईला गेले. गेणू मालाच्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायला लागला. हौशीरामचा कान तिखट, म्हणून आरमारानं त्याला पाण्याखालचे आवाज ऐकायला बसवलं. कानाला हेडफोन लावायचे आणि शत्रूच्या पाणबुडीची घरघर टिपायची. शिकवायला तळेगावचे त्र्यंबकराव होते. त्यांनी फळ्यावर समुद्राचा चढता तळ काढला.

"खोलातला आवाज किनाऱ्याकडे निघाला, की वरचं पाणी आणि खालचा तळ यांच्या निमुळत्या सांदीत सापडतो," ते म्हणाले. "चेंडूसारखा खालीवर आपटत राहतो. दर टप्प्याला जास्त उभा होतो, आणि शेवटी मागं फिरून खोलात जातो. म्हणून उथळ पाण्यात एकदा जरी ऐकू आलं तरी लगेच सांगायचं. पुन्हा ऐकू येईलच असं नाही."

हौशीरामनं मान डोलावली. फळ्यावरचं फळ्यावरच राहिलं. कस्तुराबाईचं हाडात मुरलेलं होतं.

त्रेचाळीस साली, भर दुपारी, त्याची बोट मालाच्या तीन आगबोटींची राखण करत किनाऱ्यालगत चालली होती. शेवटची आगबोट गेणूची. खोल अंगाकडून बारीक घरघर आली, चार श्वास टिकली आणि विरली. हौशीरामचा हात इशाऱ्याच्या घंटीकडे गेला आणि तिथंच थांबला. एकच हाक आली, त्याच्या मनात आलं. दुसरी येऊ दे.

त्यानंतर कानात आला तो स्फोट. गेणूची बोट बघता बघता बुडाली. भट्टीपाशी असलेलं कुणीच वर आलं नाही.

लढाई संपल्यावर हौशीराम गावी आला. कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती.

"राखनीच्या बोटीवर तूच ऐकत व्हतास म्हनं. मंग का न्हाई सांगितलंस? माज्या गळ्याची आन हाय तुला, खरं बोल."

खरं ओठावर आलं होतं. सांगितलं असतं तर त्याच्या छातीवरची धोंड उतरली असती. पण उतरून ती पडणार कुणाच्या छातीवर, हे त्याला समोर दिसत होतं. आपल्याच शिकवणीनं आपलं लेकरू बुडालं, हे घेऊन ती म्हातारी एक दिवससुद्धा जगली नसती.

"मावशी," तो म्हणाला, "मला डुलकी लागली व्हती."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी आणलेलं पाणी तिनं उंबऱ्याबाहेर ओतून टाकलं. त्यानंतर ती त्याच्याशी कधीच बोलली नाही. गाव मात्र बोललं, आणि नावही ठेवलं.

कधीकधी दिवे लागायच्या वेळी ती डोंगराच्या उताराकडे तोंड करून "गेणूऽ" अशी हाक मारायची. एकदाच. आणि खाली खाचरात वाकलेला झोप्या तोंडातल्या तोंडात ओ द्यायचा.