बांधणाऱ्या मावशी

“हाललं त मले सांगा,” असं म्हणून मावशी बांधलेल्या गाठीवर वरून एक थाप मारत. शाळेतली कुठलीही सुटी वस्तू त्यांना सहन होत नसे. फाटकाची कडी, जुन्या हजेरीपुस्तकांचे गठ्ठे, माझ्या चष्म्याची तुटलेली काडी, दिसेल ते त्या बांधत. एकदा वादळात शाळेचा फलक खांबासकट आडवा झाला. फलक मात्र खांबाला तसाच घट्ट. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “खांब मोडला. गाठ पाहा.”

अशी एखादी मावशी तुमच्याही शाळेत असेल. सगळ्यांना तिचा आवाज ओळखू येतो आणि नाव कुणालाच ठाऊक नसतं.

आमच्या मावशी भंडाऱ्याकडच्या. नवरा कारखान्यात लागला म्हणून भिलाईला आल्या आणि तो गेल्यावर आमच्या शाळेत आया झाल्या. गाठी माहेरच्या. “वासराले असं बांधा लागते का त्याले काचलं नाही पाहिजे आन् सुटलंबी नाही पाहिजे.”

मी त्या शाळेची ग्रंथपाल. वाचनालयाला लागून शेवटची खोली अपंग मुलांच्या वर्गाची होती. अकरा मुलं, एक शिक्षिका आणि मावशी. भिंतीपलीकडून दिवसातून कितीदा तरी शिक्षिकेची हाक यायची, “मौसी, बांध दो!” थोड्या वेळाने सगळं शांत होई. त्या शांततेत मी पुस्तकांवर क्रमांक घालत असे.

दुपारी मागच्या तारेवर सुती पट्ट्या वाळत असत, जुन्या लुगड्यांच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. फळा पुसायची फडकी असतील असं मी धरून चालले होते. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “पोराइच्या हाताच्या हायेत. सुतळीनं कातडं सोलते ना. एकाच्याबी हातावर वळ नाही ताई, पाहून घ्या.” आवाजात अभिमान होता. मी “बरं” म्हणाले आणि आत आले.

त्या अकरांत गुड्डी होती. नऊ वर्षांची, बोलत नसे. गोंगाट वाढला की भिंतीवर डोकं आपटायची, म्हणून सगळ्यांत जास्त वेळ तीच खुर्चीला बांधलेली असे.

एका सोमवारी मावशी वाचनालयात आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी हुडको वसाहतीच्या बाजारात त्यांना गुड्डी आईबरोबर भेटली होती. मावशींना पाहताच ती आईचा हात सोडून धावत आली, समोर उभी राहिली आणि दोन्ही मनगटं जोडून तिने पुढे केली. तोंडभर हसत. आईही हसली. “मौसी, ये कौन सा खेल सिखाया इसको? घर में जो भी आता है, उसके सामने यही करती है।”

“मी काय सांगू तिच्या मायले?” मावशी म्हणाल्या. “पोरीले वाटते, मानूस भेटलं का आपले हात बांधाले द्या लागते.”

त्या दिवसापासून त्यांनी पट्टीला हात लावला नाही.

शिक्षिका चिडल्या. “मौसी, सिर फोड़ लेगी वो!”

“फोडन कशी? मी हाय ना.”

मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसत आणि गुड्डीला पुढ्यात घेत. गुड्डीचं डोकं मागे आलं की भिंतीऐवजी मावशींच्या छातीवर आदळे. महिनाभरात त्यांना खोकतानाही कळ येऊ लागली. पण एकीला धरून बसल्यावर बाकीच्या दहांकडे पाहणार कोण? जे मूल आवरत नसे, त्याला आता शिक्षिका सामानाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावू लागल्या.

“एकीले सोडलं त दुसरे कोंडले,” त्या म्हणाल्या. “अजून एक बाई द्या म्हनलं मोठ्या मॅडमले. म्हने, जागा नाही.”

मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, दाराबाहेर काचेच्या चौकटीत नियम लावला होता : कोणत्याही मुलाला बांधू नये, कोंडू नये. तो मावशींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. “मंग हे लिवलं कोनासाठी?”

मी म्हणाले, “रीतसर अर्ज करू. मी लिहून देते.”

“तुमी लिवा. मी तिच्या मायले सांगीन.”

मी आठ दिवस अर्ज लिहीत होते. शब्द कुठे कडक वाटे, कुठे फार मवाळ. तेवढ्यात त्या हुडकोला जाऊन सांगूनही आल्या, “तुमच्या पोरीले मीच बांधत होती.”

आईने त्यांच्या थोबाडीत मारली. मग शाळेत तक्रार केली. चौकशी बसली. टेबलावर त्या मऊ पट्ट्या ठेवल्या होत्या. मला विचारलं, या कुणाच्या? मी म्हणाले, मावशींच्या. बांधायला त्यांना कुणी सांगत होतं का? भिंतीपलीकडची ती हाक मी रोज ऐकली होती. मी म्हणाले, “मी पुस्तकांत असते. माझं लक्ष नसतं.”

मावशींना त्याच दिवशी काढलं. शाळेतला प्रश्न सुटला, असं कागदावर आलं. सामानाच्या खोलीची कडी तशीच राहिली. जाताना त्या माझ्याकडे आल्या. “तुमी कावून रडून राहिल्या? पट्ट्या माह्याच होत्या ना.”

गुड्डीला आईने शाळेतून काढून घेतलं. मावशी रोज सकाळी तिच्या घरी जाऊ लागल्या. दार उघडत नसे, मग त्या पायरीवर बसून राहत. पंधरा-वीस दिवसांनी आत डोकं आपटल्याचा आवाज थांबेना, तेव्हा आईने दार उघडलं. “आइए। पर हाथ मत लगाना।” दुसऱ्याच दिवशी तीही अट गेली. दिवसभर एकटीने सांभाळून आईही मेटाकुटीला आली होती. पुढे वर्षभर मावशी तिथे जात राहिल्या. जमतंय का, असं मी विचारलं की म्हणत, “होऊन राहिलं हळूहळू.”

या उन्हाळ्यात त्या गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. गुड्डीच्या आईला कुणी कळवलं नसेल, म्हणून मी हुडकोला गेले. मी सांगितलं, तेव्हा तिच्या हातांना पोळीचं पीठ लागलेलं होतं. ते तसंच वाळू देत ती उभी राहिली. मग बाजूला सरून तिने मला आत घेतलं.

गुड्डी खिडकीशी बसली होती. चपलांच्या आवाजाने वळली, उठून आली आणि माझ्यासमोर तिने दोन्ही मनगटं जोडून पुढे केली.

“मौसी के सामने नहीं करती थी,” आई हळूच म्हणाली. “एक उन्हीं के सामने छूटा था। बाकी सबके सामने अब भी...”

मी गुड्डीचे हात खाली केले. तिने पुन्हा वर केले. पुन्हा खाली केले, ते पुन्हा वर आले. तिसऱ्यांदा मला हात लावायचं धैर्य झालं नाही. काही वेळाने तिचे दंड भरून आले, मनगटं थरथरू लागली. तरी ती माझ्याकडे बघत, हसत, हात तसेच धरून उभी होती.