जाधवकाकूंचा स्टेरिओमा

“अगं बाई, काटा हलला! पोरी, तुझा स्लॅब हलतोय!”

जाधवकाकू डोक्यावरचं पिवळं हेल्मेट सावरत ओरडल्या. नोएडातल्या एका अर्धवट इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही उभ्या होतो. वरचा स्लॅब म्हणजे काकूंच्या चौथ्या मजल्यावरच्या घराची जमीन. त्यावर वाळूची पोती रचलेली. खाली खबरदारी म्हणून, स्लॅबला न टेकवता, थोडं अंतर सोडून लावलेले टेकू, आणि मधोमध डायल गेज. ही घड्याळासारखी तबकडी असते. स्लॅब केसभर वाकला तरी तिचा काटा सरकतो. मी त्या इमारतीची स्ट्रक्चरल इंजिनिअर. ती उभी राहील याची जबाबदारी माझी.

सगळं सुरू झालं नावावरून. परदेशी कंपन्या यायला लागल्या तशी नोएडात प्रत्येक सोसायटीला विलायती नावाची हौस आली. ही सोसायटी दिल्लीतल्या मराठी फौजींची आणि सरकारी नोकरांची. सेक्रेटरी कानिटकर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि शब्दांचे भारी शौकीन. मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, “नाव ठरलं. स्टेरिओमा! प्राचीन ग्रीक शब्द. अर्थ, भक्कमपणा.”

“ते लोक वापरायचे कशाला हा शब्द?” काकूंनी विचारलं.

“आभाळाला. वर घट्ट घुमट आहे असं वाटायचं त्यांना. फौजेची जी फळी मागे हटत नाही, तिलाही. आणि श्रद्धेच्या पक्केपणालासुद्धा.”

फौजेचं नाव निघाल्यावर काकूंचे यजमान, निवृत्त सुभेदार जाधव, खूश झाले. काकू नाही झाल्या. “आभाळाचं राहू द्या. माझ्या पायाखाली काय आहे ते सांगा. नाव ठेवल्याने घर भक्कम होतं होय? जन्मभर बैठ्या क्वार्टरमध्ये राहिले, आता अधांतरी राहायची नाही. मी चालले साताऱ्याला. तुम्ही बसा आभाळात!”

सुभेदारांचा चेहरा पडला. सगळं आयुष्य बदल्यांत गेलेलं. दोघांचं म्हणावं असं हे पहिलंच घर. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि रागही आला. माझ्या स्लॅबवर संशय? म्हटलं, “काकू, लोड टेस्ट करू. स्लॅबवर वजन रचून बघू, तुमच्यासमोर.”

बॉस वैतागले. “मॅडम, एक आंटी के लिए लोड टेस्ट? लेबर कहाँ से लाओगी?”

“सर, फौजी लोग हैं. रेत की बोरी भरना इनको कौन सिखाएगा?”

बिल्कुल तस्संच झालं. रविवारी निवृत्त जवानांनी जिन्यावर रांग लावली आणि हातोहात पोती वर चढवली. सुभेदार हुकूम सोडत होते. कानिटकर धापा टाकत होते. खाली पोह्यांची कढई चढली होती. साइटवर नुसती जत्रा भरली!

आणि मग काटा हलला.

“काकू, तो हलणारच,” मी म्हटलं. “वजन पडलं की स्लॅब थोडा वाकतोच. जो जराही वाकत नाही, तो एकदम मोडतो. वजन काढल्यावर किती परत येतो, ते बघायचं. त्याला आम्ही रिकव्हरी म्हणतो.”

“सारवासारव करू नकोस.”

वजन एक दिवस तसंच ठेवलं. मग पोती उतरवली आणि नियमाप्रमाणे आणखी एक दिवस थांबलो. काकू दोन्ही दिवस दिल्ली कॅन्टोन्मेंटजवळच्या भाड्याच्या घरातून आल्या आणि स्टूल टाकून तबकडीपुढे बसल्या. कुकरवर लक्ष ठेवावं तसं त्यांचं त्या काट्यावर लक्ष. काटा हळूहळू मागे सरकत जवळजवळ पहिल्या जागी आला.

काकू बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, हा तर तुमच्यासारखाच निघाला. लढाईवरून आलात तेव्हा किती वाकला होतात. झालात ना सरळ?”

सुभेदारांनी उगाचच टोपी काढून परत घातली. मला इतका आनंद झाला की मी काकूंना मिठीच मारली, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

वास्तुशांतीला काकूंनी रव्याचे लाडू केले. पाक चुकला होता. सुभेदारांनी दात सांभाळत एक चावून पाहिला आणि म्हणाले, “कानिटकर, शब्दाचा खरा वापर आत्ता कळला. हा लाडू एकदम स्टेरिओमा!”

“वाकत नाही ना?” काकू म्हणाल्या. “मग घ्या बत्ता, आणि मोडा.”

नव्या क्लायंटला मी अजूनही सांगते, भक्कम वस्तू वाकते आणि जागेवर परत येते. लाडवांना हा नियम लागू नाही.